‘कोरियन स्वभाव’ नावाची पळवाट

कोरियात नोकरीला किंवा शिकायला गेलेल्या मराठी माणसांचे अनुभव आता भरपूर वाचायला मिळतात, आणि त्यांवरचे वादही. एका बाजूला त्रासलेली मंडळी असतात. पहिल्याच भेटीत वय विचारतात, लग्न झालं का विचारतात, ‘जाड झालीस’ असं तोंडावर सांगतात, साहेब उठेपर्यंत कोणी घरी जात नाही, ‘मांस नको’ म्हटलं तरी माशाचा रस्सा वाढतात, बसमध्ये शेजारची जागा रिकामी ठेवतात. दुसऱ्या बाजूला भारावलेली मंडळी. कॅफेत लॅपटॉप ठेवून खुशाल बाहेर जा, कोणी हात लावत नाही. कचरा किती काटेकोरपणे वेगळा करतात. मेट्रोत केवढी शांतता. वडीलधाऱ्यांचा केवढा मान! दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं पूर्ण एकमत असतं. हे सगळं कोरियन माणसाच्या स्वभावातच आहे, रक्तात आहे, फार तर प्राचीन चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या शिकवणीत आहे. माझा आक्षेप या एकमतालाच आहे.

परक्या माणसाला तिथे रोज जे खटकतं किंवा भुरळ घालतं, त्यातलं बरंचसं अडीच हजार वर्षांचं नाही. ते गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत घडलेलं आहे आणि त्यातलाही मोठा भाग १९६० नंतरचा. शाळेने, लष्करी बराकीने, कारखान्याने, सरकारी फर्मानाने ते घडवलं. शिवाय त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर कोरियन माणसंच एकमेकांशी भांडत आहेत. कोर्टात, संसदेत आणि सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात. हे भांडण न पाहता ‘त्यांची संस्कृतीच तशी’ असं म्हणणं, मग ते नाक मुरडून म्हटलेलं असो की हात जोडून, म्हणजे त्या देशातल्या एका पक्षाचं म्हणणं साऱ्या देशाचं म्हणून स्वीकारणं. आणि तो पक्ष बहुतेक वेळा वर बसलेल्यांचा असतो.

वयाचा प्रश्न आधी घेते, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. ओळख होताच कोरियात जन्मसाल विचारतात, हे खरं. एका वर्षाचा फरक निघाला तरी क्रियापदांची रूपं बदलतात, ग्लास कोणी भरायचा ते ठरतं, बिल कोण देणार हेही बहुधा ठरतं. देजॉनला मी ज्या प्रयोगशाळेत काम करत होते, तिथे नवा विद्यार्थी आला की बघता बघता सगळी उतरंड नव्याने लागायची. याचं कारण विचारलं की कोरियन सहकारीसुद्धा कन्फ्यूशियसकडे बोट दाखवायचे. पण त्या परंपरेतला ‘लीजी’ हा प्राचीन ग्रंथ काय सांगतो? जो वयाने दुप्पट असेल त्याला वडिलांच्या जागी माना, दहा वर्षांनी मोठा असेल त्याला थोरल्या भावाच्या जागी, आणि पाच वर्षांनी मोठा असेल तर त्याच्या बरोबरीने, खांदाभर मागे राहून चाला. पाच वर्षांचं अंतर म्हणजे जवळपास बरोबरीच झाली. एका वर्षावरून उतरंड लावायला या वचनात कुठे आधार सापडतो?

जोसॉन राजवटीतली (१३९२ ते १९१०) उदाहरणंही हेच सांगतात. जिवलग मैत्रीची गोष्ट म्हणून कोरियन मुलांना आजही ज्या दोघांच्या कथा सांगतात, त्यातले ई हांगबोक १५५६ चे आणि ई दॉखयॉंग १५६१ चे. पाच वर्षांचं अंतर, आणि तरी ते जिवलग मित्र. आजच्या कोरियन शाळेत पाच वर्षांनी मोठ्या मुलाला कोणी मित्र म्हणून हाक मारू धजणार नाही. त्याहून बोलकं उदाहरण ई ह्वांग यांचं आहे. थ्वेग्ये या नावाने ते ओळखले जातात आणि हजार वॉनच्या नोटेवर त्यांचंच चित्र आहे. राज्यातल्या सर्वोच्च विद्यापीठाचं प्रमुखपद भूषवलेला हा म्हातारा पंडित, आणि त्याच्या मांडणीला पत्र लिहून हरकत घेणारा की देसंग त्याच्याहून सव्वीस वर्षांनी लहान. १५५९ मध्ये सुरू झालेला हा पत्रवाद कित्येक वर्षं चालला. मनुष्याच्या सद्भावना आणि विकार यांचा उगम कुठे, हा त्याचा विषय. थ्वेग्येंनी त्या तरुणाला ‘आधी वय बघ’ असं सुनावलं नाही. त्यांनी आदराने उत्तरं दिली आणि स्वतःचं विधान सुधारून घेतलं. कोरियन कन्फ्यूशियसवादाचं शिखर मानला जाणारा वाद हा असा आहे. मग बैठकीत कनिष्ठाने तोंड उघडायचं नाही, हा नियम थ्वेग्येंच्या वारशातला कसा म्हणायचा?

तो आला बहुधा जवळच्या काळातून. १९१० ते १९४५ या जपानी अंमलात वर्गवार, वर्षवार चालणारी शिस्तीची शाळा आली. १९५०-५३ च्या कोरियन युद्धाच्या सुमारास प्रत्येक तरुणाला सक्तीची लष्करी सेवा आली, आणि बराकीत तर काही महिने आधी भरती झालेला शिपाईही वरिष्ठ ठरतो. १९६९ पासून कवायत हा शाळेतलाच विषय झाला. कंपन्या वर्षाला एक तुकडी भरती करू लागल्या आणि तुकडीच्या क्रमांकावरून मान ठरू लागला. शाळा, बराक आणि कचेरी या तिन्ही ठिकाणी माणसाला सालावरून रांगेत उभं केलं, की दोन पिढ्यांनी ती रांग परंपरा वाटू लागते.

इथे माझ्या विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करायला हवा. ते म्हणतील, हे सगळं बाहेरून लादलेलं असेल तर भाषेचं काय? कोरियन भाषेत समोरच्याची पायरी ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. ही पायरी कोणा हुकूमशहाने आणलेली नाही, ती शतकानुशतकं जुनी आहे. खरं आहे. कायद्याने ती पुसता येत नाही, याचा पुरावाही ताजा आहे. पूर्वी तिथे मूल जन्मताच एक वर्षाचं धरत आणि १ जानेवारीला सगळ्या देशाचं वय एकदम एकाने वाढे. २८ जून २०२३ पासून सरकारी आणि दिवाणी कामात जगासारखंच वय मोजायचं ठरलं. तरीही ओळख करून घेताना लोक जन्मसाल विचारतातच, आणि शाळाप्रवेश, लष्करी सेवा, दारू-सिगारेटची परवानगी यांचे हिशेब अजून सालावरच चालतात. भाषेचा साचा टिकाऊ आहे, हे मी नाकारत नाही. पण साचा जुना असला तरी त्यात काय ओतायचं हे प्रत्येक काळ ठरवतो. थ्वेग्येंच्या काळात पायऱ्या होत्याच की! जन्माच्या, जातिव्यवस्थेसारख्या कडक पायऱ्या होत्या. गुलामगिरीसुद्धा होती आणि ती १८९४ च्या सुधारणांत रद्द झाली. त्या पायऱ्या गेल्या, पण भाषा कायम राहिली. आदरार्थी रूपं कुणासाठी वापरायची, याचं उत्तर एकदा बदललं आहे. ते पुन्हा बदलणार नाही असं कुठे आहे?

आणि मराठी माणसाने वयाच्या प्रश्नाला उद्धट म्हणण्याआधी आपण काय विचारतो ते आठवावं. आपण आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो. गावावरूनही कळलं नाही तर ‘म्हणजे तुम्ही कोण?’ असा थेट प्रश्न येतो. कोरियन उतरंडीत आज तळाला असलेला काही वर्षांनी वर सरकतो. आपल्या उतरंडीत माणूस मरेपर्यंत जागचा हलत नाही. हे मी कोरियन प्रथेची भलामण म्हणून सांगत नाही. मला दाखवायचं आहे ते वेगळंच. पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्या एखाद्या कोरियन कुटुंबाने घरमालकांचे प्रश्न ऐकून ‘मराठी संस्कृतीच अशी’ असं लिहिलं, तर आपण काय म्हणू? आपण म्हणू, अहो, याच संस्कृतीत जोतीराव फुले होते, बाबासाहेब होते, महाडचं चवदार तळं होतं. तुम्ही फक्त घरमालकाचंच ऐकलंत. हीच दाद कोरियन माणसानं मागितली तर ती आपण का देत नाही?

‘वडीलधाऱ्यांचा मान’ हा भारावलेल्यांचा लाडका विषय आहे. मेट्रोत म्हाताऱ्यांसाठी राखीव जागा असतात आणि गर्दीतही त्या बहुधा रिकाम्या राहतात. पण त्याच मेट्रोतून बाहेर पडून गल्लीत वळलं की पाठीत वाकलेल्या आजीबाई पुठ्ठ्याचे ढीग हातगाडीवर लादून ढकलताना दिसतात. किलोमागे चिल्लर मिळते म्हणून. दक्षिण कोरियातल्या वृद्धांमधलं गरिबीचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांच्या घरात गेलं होतं, श्रीमंत देशांत सर्वांत जास्त. रिकामी जागा जर कन्फ्यूशियसमुळे असेल, तर हातगाडी कुणामुळे? या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून कशा निघतील? हातगाडीचं कारण सरळ आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना १९८८ मध्ये सुरू झाली आणि सर्व नागरिकांपर्यंत पोचायला १९९९ उजाडलं. देश उभा करणारी पिढी तोवर म्हातारी होत आली होती. तिने आपली कमाई मुलांच्या शिक्षणात घातली होती, म्हातारपणी मुलं बघतील या हिशेबाने; आणि मुलं महागड्या शहरांत स्वतःच कर्जात बुडाली. ‘वडीलधाऱ्यांचा मान’ हे सुंदर वाक्य नेमकं हेच झाकतं. मान आहे म्हटलं की पेन्शनचा प्रश्न कोण विचारणार?

जेवणाच्या ताटापर्यंत हेच दिसतं. कोरियन खाणावळीत भात ज्या झाकणाच्या छोट्या स्टीलच्या वाटीत येतो, ती वाटी अनेक परदेशी प्रवाशांना प्राचीन परंपरेचं प्रतीक वाटते. १९७० च्या दशकात तांदळाची टंचाई होती म्हणून सोल महापालिकेने ती वाटी खाणावळींवर लादली: व्यास १०.५ सेंटिमीटर, उंची ६ सेंटिमीटर, आणि मोडाल तर परवान्यावर कारवाई. शाळेत मास्तर मुलांचे डबे उघडून भातात बार्ली मिसळली आहे की नाही ते तपासत. १९६५ मध्ये धान्यापासून दारू गाळायला बंदी आली, म्हणून शुद्ध अल्कोहोलमध्ये पाणी आणि गोडवा घालून केलेली सोजू घरोघर पोचली. आज तीच हिरवी बाटली ‘अस्सल कोरियन’ म्हणून मालिकांतून जगभर जाते. किमची या खारवून आंबवलेल्या भाजीचा लाल रंगही मिरचीचा, आणि मिरची तिकडे पोचली सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. आपलं कोल्हापुरी तिखट तरी त्याआधीचं कुठे आहे?

शाकाहारी मराठी माणसाची तिथली फरफट मी पाहिली आहे आणि ती खरी आहे. किमचीत कोळंबीचं किंवा माशांचं खारवलेलं पाणी असतं, साध्या दिसणाऱ्या रश्श्यात वाळवलेली मासळी उकळलेली असते, आणि ‘मांस नाही’ म्हणणाऱ्याला हॅम चालेल असंही कुणाला वाटतं. पण ‘कोरियन माणसाला शाकाहार कळतच नाही’ हे विधान करणाऱ्याने एखाद्या बौद्ध मठात जेवून पाहावं. तिथल्या स्वयंपाकात मांस-मासळी तर नसतेच, कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्याकडच्या जैन घरात किंवा चातुर्मास पाळणाऱ्या आजीच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला ते जेवण ओळखीचं वाटेल. ही परंपराही हजार वर्षांहून जुनी आणि पूर्ण कोरियन आहे. फक्त ती बाजारातल्या खाणावळीत नाही.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. सोलमधल्या नान्जीदोवर १९७८ ते १९९३ या काळात शहराचा कचरा टाकून टाकून जवळपास शंभर मीटर उंचीचे डोंगर झाले होते आणि कचरा वेचणारी कुटुंबं तिथेच झोपड्यांत राहत होती. फुरसुंगी आणि देवनार पाहिलेल्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. १९९५ मध्ये कचरा टाकायला सरकारी पिशवी विकत घेण्याची सक्ती झाली, २००५ मध्ये ओला कचरा जमिनीत पुरायला बंदी आली, पुढे ओल्या कचऱ्याचे पैसे वजनावर घेऊ लागले. नान्जीदोच्या डोंगरावर आज बाग आहे. ज्यांनी हे केलं त्यांचं श्रेय ‘कोरियन संस्कार’ या शब्दांनी हिरावून घेतलं जातं, आणि आपल्या महापालिकेलाही आयती सबब मिळते: आपल्या लोकांना संस्कारच नाहीत, काय करणार!

स्वभावाच्या सिद्धांतावर माझा विश्वास उडण्याचं मोठं कारण मात्र इतिहासातलं आहे. इसाबेला बर्ड बिशप ही इंग्रज प्रवासी १८९४ ते १८९७ या काळात कोरियात अनेकदा फिरली. आळशी, कळाहीन, सुधारणेपलीकडचे लोक, असं तिचं तेव्हाच्या कोरियन शेतकऱ्यांबद्दल मत झालं होतं. त्या काळी बहुतेक परदेशी माणसं तसंच लिहीत आणि जपानी राज्यकर्त्यांनी पुढे तेच मत कब्जाचं समर्थन म्हणून वापरलं. पण बिशपबाई सीमा ओलांडून रशियाच्या हद्दीत गेल्या. तिथे दुष्काळाने देशोधडीला लागून आलेले कोरियन शेतकरी वसले होते, आणि ते कष्टाळू, नीटनेटके, सुखवस्तू होते. तेच लोक, तीच भाषा. फरक एवढाच की इकडे कमावलेलं लुबाडणारा अधिकारी होता आणि तिकडे नव्हता. जे शिल्लक ठेवता येत नाही ते कमवायचं कशाला, हा शेतकऱ्याचा हिशेब होता. बाईंनी आपलं मत बदललं आणि तसं लिहिलं. आज त्याच लोकांच्या नातवंडा-पतवंडांबद्दल जग सांगतं की अतिकष्ट त्यांच्या रक्तात आहेत, घाई त्यांच्या रक्तात आहे. सव्वाशे वर्षांत रक्त बदललं का?

विमानांची गोष्ट तर याहून गंभीर. ६ ऑगस्ट १९९७ रोजी एक कोरियन विमान ग्वाम या अमेरिकी बेटावर डोंगराला आदळून २२८ माणसं मेली. तेव्हापासून एक कथा जगभर फिरते: ज्येष्ठापुढे न बोलण्याच्या कोरियन संस्कृतीने ते विमान पाडलं. अमेरिकी तपास अहवालात कप्तानाने उतरण्याची नीट तयारी न केल्याचा ठपका होता, सहकाऱ्यांनी त्याच्यावर पुरेशी नजर न ठेवल्याचाही होता. पण कप्तानाचा थकवा होता, अपुरं प्रशिक्षण होतं, आणि विमान फार खाली आल्याचा इशारा देणारी जमिनीवरची यंत्रणा अमेरिकी विमानखात्यानेच मर्यादित करून ठेवली होती, हेही त्यात होतं. कथेत यातलं बहुतेक गळून गेलं. आता स्पेनच्या तेनेरिफ बेटावरचा अपघात आठवा. २७ मार्च १९७७, दोन जंबो विमानांची टक्कर, ५८३ मृत्यू. डच कप्तानाने परवानगीआधी विमान सोडलं. समोरचं विमान धावपट्टीवरून गेलं नसेल का, ही इंजिनिअरची शंका त्याने उडवून लावली. पुढच्याच वर्षी पोर्टलंडजवळ एका अमेरिकी विमानाचं इंधन संपत आल्याचं सहकारी सांगत राहिले आणि कप्तान दुसऱ्याच बिघाडात गुंतून राहिला. कनिष्ठाने कप्तानाला ठामपणे अडवावं असं प्रशिक्षण जगात सुरू झालं ते या अपघातांनंतर. तेव्हा डच संस्कृतीने किंवा अमेरिकी संस्कृतीने विमान पाडलं असं कोणी म्हटलं? त्यांच्या बाबतीत कॉकपिटची रचना चुकली. कोरियनांच्या बाबतीत मात्र अख्खी संस्कृती. रचना सुधारता येते म्हणून तिथल्या कंपन्यांनी ती सुधारली, आणि विमानं सुरक्षित झाली. तेवढ्यासाठी कोणाला आपलं कोरियनपण सोडावं लागलं नाही.

यावर एक आक्षेप मला कोरियात राहणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींकडूनच येतो. तो आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, आपण तिथे पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या घरातल्या भांडणात पडू नये, त्यांच्या रीती पाळाव्यात. रीती पाळाव्यात हे मला शंभर टक्के मान्य. दोन्ही हातांनी वस्तू द्यावी, मोठ्यांच्या समोर पिताना तोंड वळवावं, दाराशी चपला काढाव्यात, भाषा शिकावी. भाषा न शिकता वर्षानुवर्षं तिथे राहून तक्रार करणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. युरोपीय माणसाने आशियाई समाजाला शहाणपण शिकवण्याचा इतिहास किती वाईट आहे हे आपण भोगलेलं आहे, त्यामुळे सावधपणाही हवा. पण कर भरणारा, आणि जुलै २०१९ पासून सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिला की आरोग्यविम्याचा हप्ता सक्तीने भरणारा माणूस किती काळ पाहुणा राहतो? आणि रीत म्हणून जे पाळायला सांगतात ते खरोखर रीत आहे की एखाद्या साहेबाची सोय, हे तरी तपासायला नको का?

होएशिकचंच पाहा. कामानंतर सगळ्या विभागाने एकत्र जेवायचं, प्यायचं, मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन पुन्हा प्यायचं. न पिणाऱ्या कित्येक भारतीयांनी ‘इथली संस्कृती’ म्हणून ग्लास तोंडाला लावला, आणि बाकीच्यांना तीच सबब देऊन शहाणपण शिकवलं. याउलट २००७ मध्ये सोलच्या उच्च न्यायालयाने, वरिष्ठाने बळजबरीने दारू पाजणं बेकायदा ठरवून एका कर्मचारी स्त्रीला तीन कोटी वॉन भरपाई द्यायला लावली. ती स्त्री कोरियन होती, न्यायाधीश कोरियन होते. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध १६ जुलै २०१९ पासून कायदा लागू झाला, तोही कनिष्ठांच्या संतापातून. आज तिथले तरुण होएशिकला सरळ नाही म्हणतात. आपण ज्या दिवशी मुकाट ग्लास उचलला, त्या दिवशी आपण कोरियन संस्कृतीचा मान राखला नाही. तिच्यातल्या त्या स्त्रीच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसलो.

एक समांतर उदाहरण मराठी वाचकाला विशेष जवळचं वाटेल. कोरियात एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळगावाच्या वंशातल्या स्त्री-पुरुषांना लग्न करायला कायद्याने बंदी होती. किम्हेचे किम हा एकच वंश चाळीस लाखांच्या वर. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीचा पूर्वज एक असल्याच्या समजुतीवर, प्रत्यक्षात कसलंही नातं नसलेल्या जोडप्यांची लग्नं नोंदवता येत नसत, त्यांची मुलं अनौरस ठरत. १९७८, १९८८ आणि १९९६ मध्ये सरकारने वर्षभराची सवलत देऊन तात्पुरता मार्ग काढला. शेवटी १६ जुलै १९९७ रोजी घटनात्मक न्यायालयाने ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली. कन्फ्यूशियस पंथाचे वृद्ध रस्त्यावर उतरले. कोरियाची ओळख पुसली जाईल, माणसं जनावरं होतील, असं म्हणाले. आपल्याकडे सगोत्र विवाहाबद्दल हेच बोललं जात होतं, आणि १९४६ च्या कायद्याने तो अडथळा दूर झाला. मराठी माणसं त्यामुळे कमी मराठी झाली का? कोरियन माणसं कमी कोरियन झाली का? गंमत म्हणजे त्या सनातन्यांतही वारं फिरतं आहे. सोंगक्युनग्वान या कन्फ्यूशियस संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की छुसॉक या शरद ऋतूतल्या सणाच्या पितृपूजेला नऊ पदार्थ पुरेत, तळणाची गरज नाही, मोठ्या विधीचं लक्षण साधेपणाच. सणाच्या आदल्या दिवशी कढईसमोर बसून कंबर मोडणाऱ्या सुना ज्याला संस्कृती समजून गप्प होत्या, त्याला ग्रंथाचा आधारच नव्हता. गौरी-गणपतीत पुरणाचा घाणा एकटीने काढणाऱ्या किती जणींनी अशी घोषणा ऐकण्याची वाट पाहिली असेल!

उरतो तो वंशद्वेषाचा प्रश्न, आणि इथे माझ्या मांडणीला सगळ्यात कठीण परीक्षा द्यावी लागते. अपमान झालेल्या माणसाला ‘हा स्वभाव नाही, ही व्यवस्था आहे’ असं सांगून काय मिळणार? त्याला लागायचं ते लागलंच. मी हे मान्य करते. पण स्वभाव म्हटलं तर त्याला काय मिळतं? स्वभावाला औषध नाही, मग त्याने गप्प बसावं किंवा परत यावं. २००९ मध्ये बुचॉनजवळ बसमध्ये एका भारतीय प्राध्यापकाला त्याच्या रंगावरून शिव्या दिल्या गेल्या. तो गप्प बसला नाही, पोलिसांत गेला. पोलिसांनी आधी त्याच्याशीच उद्धटपणा केला, तरी त्याच्या बरोबरची कोरियन मैत्रीण आणि मागे उभे राहिलेले कोरियन कार्यकर्ते हटले नाहीत. शेवटी शिवी देणाऱ्याला दहा लाख वॉन दंड झाला. परदेशी माणसाच्या वांशिक अपमानाबद्दल तिथे झालेली ही पहिली शिक्षा मानतात. भेदभावविरोधी सर्वसाधारण कायद्याचं विधेयक २००७ पासून पुन्हा पुन्हा मांडलं जातं आणि अडतं. ते का अडतं, कोण अडवतं, हे कळायला ‘कोरियन स्वभाव’ काडीचाही उपयोगाचा नाही.

आणि आपण कोणत्या परक्याबद्दल बोलतो आहोत? मराठीत कोरियाचे अनुभव लिहिणारे बहुतेक इंजिनिअर, संशोधक, विद्यार्थी. त्यांच्या तक्रारी वय विचारण्याच्या आणि भाजी न मिळण्याच्या. २०२३ च्या अखेरीस तिथल्या परदेशी रहिवाशांची संख्या पंचवीस लाखांवर गेली होती. त्यात नेपाळ, कंबोडिया, व्हिएतनाममधून कारखान्यांत आणि शेतांवर आलेले कामगार आहेत. २००४ पासूनच्या परवाना पद्धतीत त्यांना मालकाच्या संमतीशिवाय सहसा नोकरी बदलता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये पोचॉनला कडाक्याच्या थंडीत, शेतावरच्या प्लॅस्टिकच्या हरितगृहातल्या खोपटात राहणारी एक कंबोडियन मजूर स्त्री मेली. जून २०२४ मध्ये ह्वासॉंगच्या बॅटरी कारखान्याला आग लागून २३ जण मेले, त्यांतले १८ परदेशी. त्यांच्यासाठी ‘सांस्कृतिक फरक’ हे शब्द वापरता येतील का? मालकाला खोपट देता येतं कारण कामगाराला सोडून जाता येत नाही. हा परवान्याचा नियम आहे, तो कोणत्या मंत्रालयात लिहिला गेला ते ठाऊक आहे, आणि तो बदलावा म्हणून कोरियन वकील आणि संघटना वर्षानुवर्षं झगडत आहेत.

देगू शहराचं उदाहरण देऊन थांबते. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाजवळच्या गल्लीत मुस्लिम विद्यार्थ्यांनी मशीद बांधायला घेतली. २०२१ मध्ये शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून काम थांबलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम थांबवण्याचा आदेश बेकायदा ठरवला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम थांबवण्याचा आदेश बेकायदा ठरवला. विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत देगूचेच कोरियन नागरिक होते, आणि मुंडकी मांडणारेही देगूचेच. यातली कोरियन संस्कृती कोणती? पुढच्या वेळी तिथून कोणी मराठीत लिहायला बसेल तेव्हा त्याने मुंडक्यांबद्दल जरूर लिहावं, त्या निकालाबद्दल लिहावं, आणि तो निकाल हातात असूनही काम का रखडलं, कोणत्या कचेरीने काय केलं, शेजाऱ्यांना नेमकी कशाची भीती होती, हेही विचारून लिहावं. त्यासाठी भाषा शिकावी लागेल आणि शेजाऱ्यांच्या दारावर जावं लागेल.